भ्रंश वर्षाला ३४ मिमी सरकतो, मग जमीन जागच्या जागी कशी?

अभ्रक
कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भ्रंशाचा (खडकातली मोठी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात) कॅरिझो मैदानातला वेग वर्षाला ३४ मिमी दिलेला असतो. तिथला शेवटचा मोठा भूकंप १८५७ चा. सरळ गुणाकार केला तर तेव्हापासून साडेपाच मीटरच्या वर अंतर पडायला हवं, पण भ्रंशरेषेवर काहीच सरकलेलं नाही. मग हे ३४ मिमी मोजले कुठे? आणि भूकंपाची 'मुदत उलटून गेली' म्हणतात, त्यात कितपत तथ्य?

कातळ
रेषेवर मोजाल तर शून्यच येणार. जीपीएसचं एक स्थानक अलीकडे ५० किमीवर आणि दुसरं पलीकडे तेवढ्याच अंतरावर बसवा, की त्या ३४ पैकी बहुतेक मिमी दिसतील. रेषेकडे जावं तसा फरक आटत जातो. वरचे साधारण १५ किमी घर्षणाने एकमेकांत अडकलेले असतात. त्याखाली तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की क्वार्ट्झ मऊ पडतो आणि खडक न तुटता सावकाश वाहत राहतो. तळ चालू आणि माथा अडकलेला, त्यामुळे मधला खडक वाकतो. भ्रंशाला काटकोनात घातलेलं सरळ कुंपण काही दशकांत हलकं वळण घेतं. घर्षण हरलं की दोन्ही बाजू पुन्हा सरळ होतात, पण कुंपणाचे दोन तुकडे होऊन. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरी रीडने आधीची सर्वेक्षणं ताडून हेच मांडलं.

३४ हा आकडा कॅरिझो मैदानातल्या वॉलेस क्रीक या ओढ्याचा. तिथे त्याचं पात्र भ्रंशावर १२८ मीटर बाजूला गेलंय आणि ते पात्र खोदलं गेल्याला सुमारे ३,७०० वर्षं झालीत. म्हणजे ही कितीतरी भूकंपांची बेरीज आहे, एका वर्षाचा हिशेब नव्हे.

खंदक
मुदतीबद्दल: याच भ्रंशावरच्या पार्कफील्ड गावी १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४, १९६६ असे सहाच्या आसपास तीव्रतेचे (मॅग्निट्यूड) भूकंप झाले. सरासरी २२ वर्षं. त्यावरून पुढचा १९९३ च्या आत होईल असं धरून उपकरणं लावली. तो आला २८ सप्टेंबर २००४ ला, आणि भेग मागच्या दोन वेळच्या उलट दिशेने फाटत गेली. सहा तारखांवर सरासरी काढली की असंच व्हायचं!

लांबचा इतिहास हवा तर भ्रंशाला आडवा ३-४ मीटर खोल चर घ्यावा लागतो. जागा अशी निवडायची की जिथे गाळ सतत साचत आलाय, पाणथळ उत्तम. भिंतींना आधार देऊनच आत उतरायचं. मग थापीने भिंत तासून दोरीची चौकट बांधायची आणि थर न् थर कागदावर उतरवायचा. भेगेने कापलेला सर्वांत वरचा थर आणि तिच्यावरून अखंड गेलेला सर्वांत खालचा थर, या दोहोंच्या मध्ये तो भूकंप. दोन्ही थरांतला कोळसा वय काढायला कार्बन-१४ चाचणीला पाठवायचा.

घोटाळा इथेच होतो. वरच्या खोऱ्यातून वाहून आलेला जुन्या झाडाचा कोळसा थराचं वय वाढवून सांगतो. मुळांनी खाली नेलेला ताजा कार्बन ते कमी करतो. म्हणून एकाच थरातून अनेक नमुने घ्यायचे. त्याहून वाईट म्हणजे गाळ साचण्यात पडलेला खंड: दोन भूकंप एकच दिसतात आणि कालांतर दुप्पट निघतं.

न्यूझीलंडच्या अल्पाइन भ्रंशावर हॉकुरी क्रीकला ८,००० वर्षांत २४ भूकंप सापडले, सरासरी सुमारे ३३० वर्षं. हा नियमितांपैकी मानला जातो, तरी दोन भूकंपांमधलं अंतर १४० पासून ५१० वर्षांपर्यंत.

अभ्रक
समजलं. पण मग लहान लहान भूकंप होत राहिले तर ताण हप्त्याहप्त्याने फिटणार नाही का?

कातळ
आकडे घालून बघा. १०० किमी लांब, १५ किमी खोल भाग ३ मीटर सरकला. क्षेत्रफळ १.५ × १०^९ चौ.मी., खडकाची दृढता ३ × १०^१० पास्कल. तिन्हींचा गुणाकार १.३५ × १०^२० न्यूटन-मीटर. त्याचा लॉग काढून ९.१ वजा करा, दोन तृतीयांशाने गुणा, की भूकंपाची तीव्रता मिळते: ७.३५. तेवढंच काम ५ तीव्रतेच्या भूकंपांकडून करून घ्यायचं तर सुमारे ३,४०० लागतील. ३४ मिमीच्या वेगाने ३ मीटर साचायला ८८ वर्षं, म्हणजे त्याच तुकड्यावर दर नऊ-दहा दिवसांनी एक ५ चा, अखंड. प्रत्यक्षात याच्या जवळपासही होत नाहीत.

ताण खरोखर हळू निघतो तो भ्रंशाच्या रांगत्या (न अडकता सावकाश सरकत राहणाऱ्या) तुकड्यांवर, जिथे वेग वाढला की घर्षणही वाढतं. कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टरमध्ये कॅलावेरस नावाचा दुसरा भ्रंश गावातून जातो. तिथे फुटपाथच्या कडा भूकंपाशिवायच बाजूला सरकून वाकड्या झाल्यात.