प्रतिसाद: नव्या जीटी-आरकडून अपेक्षा

निसानची पुढची जीटी-आर स्पोर्ट्स कार पूर्ण इलेक्ट्रिकच असावी, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. निसाननं २०२३ मध्ये टोकियोत दाखवलेली हायपर फोर्स ही इलेक्ट्रिक संकल्पना-गाडी बघून मीही हरखलो होतो. १००० किलोवॅट हा ताकदीचा आकडा डोळे दिपवणाराच आहे! पण आधीची जीटी-आर, म्हणजे आर३५, मोठी झाली ती निव्वळ ताकदीवर नाही. २००७ साली ती आली तेव्हा ४८० अश्वशक्ती होती, शेवटच्या निस्मो या रेसिंग-धाटणीच्या आवृत्तीत ६००. खरी कमाल मांडणीत होती. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी. म्हणजे ताकद आधी मागे जायची आणि तिथून दुसऱ्या शाफ्टनं पुन्हा पुढच्या चाकांकडे यायची. एवढा खटाटोप कशासाठी, तर वजन दोन्ही टोकांना नीट वाटलं जावं म्हणून. साधारण पावणेदोन टनांची गाडी वळणावर इतकी पकड दाखवायची, त्याचं बरंचसं श्रेय या मांडणीला जातं.

मोठी बॅटरी टाकली की वजन आणखी वाढणार. बॅटरी तळाशी असल्यानं गुरुत्वमध्य खाली येतो, हे मान्य. पण ब्रेक आणि टायरना शेवटी सगळंच वजन पेलावं लागतं. म्हणून मला हायब्रिड हवी: सहा सिलिंडरचं ट्विन-टर्बो इंजिन (म्हणजे जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारे दोन टर्बो असलेलं) आणि टर्बो वेग घेईपर्यंत ताकदीत पडणारी पोकळी भरून काढणारी छोटी इलेक्ट्रिक मोटर. आणि एकेक इंजिन एकाच ताकुमी, म्हणजे निष्णात, कारागिरानं हातानं जुळवायचं, त्यावर त्याच्या नावाची पट्टी लावायची, ही पद्धत तर राहायलाच हवी.

बाकी रूप कितीही बदला. मागचे चार गोल दिवे मात्र ठेवा.