अमेरिकेशी मुक्त व्यापार करार करून मेक्सिकोच्या मका शेतकऱ्याचं नेमकं काय झालं?

मकावाला_सिल्लोड
मंडळी, आमच्याकडे मका हेच मुख्य पीक, बाकी थोडा कापूस न सोयाबीन. अमेरिकेशी व्यापार कराराची बातमी आली की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या. एक म्हणते तिकडचा मका आला की आपण संपलो, बघा मेक्सिकोचं काय झालं. दुसरी म्हणते मेक्सिको करारामुळेच गाड्यांचा कारखाना झाला, तुम्ही आपले रडत बसा. दोघांपैकी कोणीच नीट सांगत नाही तिथे झालं काय ते. इथे कोणाला माहिती असेल तर सांगा, लिंका नकोत, समजेल असं सांगा.

नियमावली
नाफ्ता, म्हणजे अमेरिका, कॅनडा न मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार, १ जानेवारी १९९४ ला लागू झाला. त्याच दिवशी मेक्सिकोच्या दक्षिणेतल्या चियापास राज्यात झापातिस्त नावाच्या आदिवासी बंडखोरांनी बंड केलं, यावरून कळेल की तिथल्या गरीब आदिवासी शेतकऱ्यांना काय येणार याचा वास आधीच लागला होता. पण कागदावर बघाल तर मक्याला चांगलं १५ वर्षांचं संरक्षण होतं. सुरुवातीला वर्षाला २५ लाख टन मका बिनशुल्क येणार, त्याच्या वर आला तर २१५ टक्के शुल्क, आणि ते हळूहळू कमी होत २००८ ला शून्य. म्हणजे शेतकऱ्याला सावरायला वेळ.

आता गंमत बघा. कोट्याच्या वर मका आला तेव्हा मेक्सिको सरकारनेच ते शुल्क वसूल केलं नाही! शहरात महागाई नको, पशुखाद्यवाल्यांना स्वस्त माल हवा, म्हणून जास्तीचा मका तसाच येऊ दिला. शिवाय कोनासुपो म्हणून सरकारी संस्था होती, शेतकऱ्याकडून धान्य घ्यायची, तीही १९९९ पर्यंत गुंडाळली. त्यात १९९४ च्या डिसेंबरात मेक्सिकोचं चलन पेसो कोसळलं. तेव्हा सगळं खापर अमेरिकेवर फोडू नका, १५ वर्षांची छत्री घरच्यांनीच मिटवून ठेवली.

कापूसकोंड्या
छत्री मिटवायला करार तरी कशाला लागतो? आपल्याकडे कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं, ऑगस्ट २०२५ मध्ये सप्टेंबरअखेरपर्यंत माफ केलं, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका आपला कापूस बाजारात यायच्या टायमाला. कोणाची सही नाही काही नाही, एक नोटिफिकेशन.

केरेतारोकर
मी मूळचा चिंचवडचा, सध्या मेक्सिकोत केरेतारोला गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात आहे, त्यामुळे माझी पार्टी कुठली ते आधीच सांगून टाकतो. मेक्सिकोची ८० टक्क्यांच्या वर निर्यात एकट्या अमेरिकेला जाते आणि मी ज्या इंडस्ट्रियल पार्कात बसलोय तो या कराराशिवाय उभाच राहिला नसता. मक्याचंही अर्धंच सांगितलं जातं. इथे तोर्तिया, म्हणजे इथली रोजची मक्याची भाकरी, पांढऱ्या मक्याची, आणि तो मका आजही बहुतेक इथलाच असतो, सिनालोआ राज्यात पाटपाण्यावर मोठमोठी शेतं आहेत. अमेरिकेतून येतो तो मुख्यतः पिवळा, कोंबड्या-डुकरांना आणि स्टार्चवाल्यांना. १९९४ नंतर देशाचं एकूण मका उत्पादन वाढलंय, घटलेलं नाही.

मेला तो डोंगरातला कोरडवाहूवाला. अमेरिकेत हेक्टरी १० टनाच्या आसपास निघतो, वर सरकारी अनुदान, आणि इथल्या डोंगराळ ओआहाका राज्याच्या उतारावर दोन-अडीच टन निघाला तरी खूप. भाव पडला तेव्हा सिनालोआवाल्याला सरकारी मदत मिळाली, याला फारशी नाही. त्याची पोरं मग अमेरिकेत, भाजी तोडायला नाहीतर हॉटेलात भांडी घासायला. आमच्या लाइनवरच्या कित्येकांचा कोणी ना कोणी तिकडे आहेच.

आणि ग्राहकाला स्वस्त मिळालं म्हणावं तर तेही नाही. माल येतो स्वस्त पण पीठ दळणाऱ्या कंपन्या दोन-चारच, त्या कशाला सोडतात. २००७ च्या जानेवारीत तोर्तियाचे भाव भडकले आणि लोक रस्त्यावर आले. इथे गल्लीत तोर्तियाचं दुकान असतं, मशीनमधून गरम तोर्तिया पडत राहतात, किलोवर तोलून कागदात गुंडाळून देतात, भिंतीवर आजचा भाव लिहिलेला. तो आकडा हलला की आख्खी गल्ली बोलते, तशी ती डॉलरवर पण बोलत नाही.

तळटीप
@केरेतारोकर तुमच्याच धंद्यातली गोष्ट तुम्ही सांगितली नाही, ट्रकची. करारात होतं की मेक्सिकोचे ट्रक १९९५ पासून अमेरिकेच्या सीमेवरच्या राज्यांत आणि २००० पासून देशभर जातील. अमेरिकेच्या ड्रायव्हर युनियनने विरोध केला, तिकडच्या सरकारने अडवलं. मेक्सिको भांडला, २००१ ला कराराखालच्या तंटा पॅनेलने निकाल मेक्सिकोच्या बाजूने दिला. तरी अमेरिका हलली नाही! २००९ ला तर चाचणी म्हणून थोडे ट्रक सोडले होते तेही बंद. शेवटी मेक्सिकोने अमेरिकेच्या सुमारे २४० कोटी डॉलरच्या मालावर शुल्क लावलं तेव्हा २०११ मध्ये कुठे तडजोड.

उलटी केस बघा. मेक्सिकोतल्या ग्वादालकासार नावाच्या छोट्या गावाच्या नगरपालिकेने अमेरिकन कंपनीला घातक कचऱ्याच्या डेपोचा बांधकाम परवाना दिला नाही. मेटलक्लॅड कंपनी, नाफ्ताच्या अकराव्या प्रकरणाखाली, म्हणजे परदेशी गुंतवणूकदारांच्या संरक्षणाच्या कलमांखाली, लवादात गेली आणि २००० साली निकाल, मेक्सिकोने १ कोटी ६७ लाख डॉलर द्यावेत. पुढे कोर्टात थोडी रक्कम कमी झाली पण भरावी लागलीच. बळी तो कान पिळी, आणि तोही कलम दाखवून पिळतो.

केरेतारोकर
ट्रकचं शंभर टक्के खरं. आजही आमचा ट्रेलर इथून सीमेवरच्या नुएवो लारेदोपर्यंत एक ट्रक नेतो, मग पूल ओलांडायला दुसरा छोटा ट्रक, त्याला इथे ट्रान्स्फर म्हणतात, आणि पलीकडे तिसरा अमेरिकन ट्रक. एका मालाला तीन ड्रायव्हर, पुलावर रांग लागली की प्लॅनिंगवाले मलाच फोन करतात.

आणि नाफ्ताच्या जागी आलेला नवा करार २०२० पासून चालू, ट्रम्प यांनी स्वतः केलेला, तरी २०२५ मध्ये त्यांनीच मेक्सिकोच्या मालावर २५ टक्के शुल्क लावलं, कारण काय तर ड्रग्ज आणि घुसखोर. मग कराराच्या नियमात बसणारा माल वगळला. त्याआधी कितीतरी लोक ओरिजिन सर्टिफिकेटच्या, म्हणजे माल कुठे बनला त्या दाखल्याच्या, भानगडीत पडत नव्हते, साधं शुल्कच इतकं कमी की कोण कागद करतो. मग एका रात्रीत सगळे सप्लायरच्या मागे, कागद द्या कागद द्या. ८० टक्के माल एकाच दारातून जात असेल तर दारवाल्याशी किती भांडणार?

मकावाला_सिल्लोड
खूप कळलं, धन्यवाद. मग आपण मका करारात घातलाच नाही तर सुटलो ना? आत्ता ५० टक्के शुल्क आहे, कोटा आहे तो ५ लाख टनांचा १५ टक्क्यांनी, आणि जीएम, म्हणजे जनुकं बदललेला, मका आपण घेत नाही. इथेनॉलमुळे भावही जरा धरून होता.

नियमावली
सुटलो म्हणायची घाई नको. जीएमचंच बघा, मेक्सिकोने तोर्तियासाठी जीएम मका नको असा २०२३ ला हुकूम काढला, अमेरिका पॅनेलकडे गेली, डिसेंबर २०२४ मध्ये मेक्सिको हरला. म्हणजे शुल्क सोडा, तुम्ही काय खायचं यावर सुद्धा दावा होतो. त्यामुळे बातमीत "शेती वगळली" एवढं वाचून फटाके वाजवू नका, कोटा किती, त्यावरचं शुल्क कोण माफ करू शकतो, आणि बियाणं-खाद्याचे नियम कोणत्या प्रकरणात घातलेत ते बघा.

कापूसकोंड्या
मी तर म्हणतो मक्यापेक्षा डीडीजीएसवर लक्ष ठेवा. मक्यापासून इथेनॉल केल्यावर उरतो तो चोथा, अमेरिकेकडे ढिगाने आहे आणि त्यांना तो विकायचाय. दाणा म्हणून नाही, पशुखाद्य म्हणून येणार. पोल्ट्रीवाला तो घेतो न सोयाबीनची पेंड कमी करतो, पेंड पडली की सोयाबीन पडलं. सोयाबीन पेरता ना तुम्ही?

मकावाला_सिल्लोड
पेरतो की राव. यंदा मक्याची भीती वाटली म्हणून तेच वाढवलंय.