कोर्ट लाइन कशामुळे बुडाली: तेलामुळे की स्वतःच्या हिशोबामुळे?

धावपट्टी: लंडनजवळच्या ल्युटनची ही चार्टर कंपनी, म्हणजे सहल कंपन्यांना अख्खी विमानं भाड्याने देणारी विमान कंपनी, १५ ऑगस्ट १९७४ रोजी बंद पडली आणि चाळीस हजारांहून जास्त ब्रिटिश पर्यटक परदेशात अडकले. दोष तेलसंकटाला देतात, मला तो पटत नाही. ११९ आसनांची वन-इलेव्हन विमानं नीट चालली असताना १९७३ मध्ये ४०० आसनांची दोन ट्रायस्टार घेतली. ती भरायला ल्युटनहून स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या पाल्माला एका वेळी ४०० माणसं हवीत. तीच माणसं चार वन-इलेव्हनमधून चार वेगळ्या विमानतळांवर नेता येतात, मागणी घटली तर एक फेरी रद्दही करता येते. हिवाळ्यात प्रवासी आटतात, विमानांचे हप्ते आटत नाहीत.

पाल्मा७३: ट्रायस्टार भरली तर दर आसनामागे इंधन कमी लागतं, त्यामुळे निर्णय मूर्खपणाचा नव्हता. पण सहलींच्या किमती पुस्तिकेत कित्येक महिने आधी छापलेल्या असतात. ऑक्टोबर १९७३ नंतर कच्चं तेल काही महिन्यांत चौपट महागलं. त्यात वीज वाचवण्यासाठी सरकारने लादलेला तीन दिवसांचा कामाचा आठवडा आला आणि लोकांनी आरक्षण करणंच थांबवलं. हे कुठल्या हिशोबात बसवणार?

धावपट्टी: मग क्लार्कसन्स? तोट्यातली ही सहल कंपनी कोर्टने १९७३ मध्ये, म्हणजे संकटाच्या आधीच, नाममात्र किमतीत अंगावर घेतली.

पाल्मा७३: ती कोर्टची सर्वांत मोठी गिऱ्हाईक होती. ती बुडाली असती तर विमानं रिकामी राहिली असती. सुटका नव्हती.

जेवणाचा_ट्रे: सुटका नव्हती, कारण एकाच गिऱ्हाइकावर ताफा उभा केला होता. हे अंगलट येणारच होतं. काटकसर मात्र त्यांना जमायची: दोन्ही फेऱ्यांचं थंड जेवण आधीच आसनाच्या पाठीतल्या कप्प्यांत, परतीचा कप्पा कुलूपबंद. परदेशात जेवण चढवायला नको, विमान लवकर फिरतं. पण काही प्रवासी जातानाच दुसरा कप्पा उघडत आणि परतीचा प्रवासी उपाशी राही.

हमीपत्र: तुम्ही सगळेच सरकारला विसरलात. जून १९७४ मध्ये कोर्टचे जहाजबांधणी कारखाने सरकारने घेतले आणि उद्योगमंत्री टोनी बेन यांनी संसदेत उन्हाळी सहलींबाबत दिलासा दिला. लोक पैसे भरत राहिले. सहल कंपन्यांनी बुडण्याच्या भीतीपोटी आधीच ठेवलेलं तारण परदेशातल्यांना आणण्यात खर्ची पडलं, न निघालेल्यांच्या परताव्याला पुरलं नाही. म्हणून १९७५ मध्ये कायद्याने राखीव निधी उभारावा लागला.

धावपट्टी: निधीचं मान्य. पण तारण अपुरं होतं म्हणून लोकांचे पैसे बुडाले, कंपनी नव्हे. कंपनी क्लार्कसन्स आणि ट्रायस्टार एकाच वर्षी उचलल्याने बुडाली, या मतावर मी ठाम आहे.