कॉन्ड्युइटचा उशीर: आधी घड्याळ, मग नेटवर्क

कॉन्ड्युइट, म्हणजे अमेरिकी हवामान मॉडेलांचा डेटा पोचवणारा फीड; त्याच्या उशिराचा आलेख दिवसातून चारदा उसळी मारतो म्हणून नवा सर्व्हर मागायचा, असं तुम्ही म्हणताय. जरा थांबा. जीएफएस या अमेरिकेच्या जागतिक हवामान मॉडेलाच्या फेऱ्याही दिवसातून चारच असतात आणि त्यांचा माल एकदम येऊन आदळतो. तेव्हा उसळी येणारच. ती किती वेळात खाली बसते ते बघा.

कॉन्ड्युइट येतो तो युनिडेटा या अमेरिकी संस्थेच्या आयडीडी या डेटा-वितरण जाळ्यातून. तिथे उशीर म्हणजे उगमाशी फाइलवर पडलेला वेळेचा शिक्का आणि ती तुमच्या सर्व्हरच्या रांगेत पडली तो क्षण, यांतलं अंतर. म्हणजे दोन घड्याळं आली, आणि मधल्या सगळ्या टप्प्यांचा उशीरही त्यात आला. आमच्याकडे एकदा आकडा चक्क उणे दिसत होता. डेटा भविष्यातून येत नव्हता, घड्याळ जुळवणारं एनटीपी बंद पडलं होतं!

तुमच्या वरच्या सर्व्हरचा, म्हणजे ज्याच्याकडून तुम्ही डेटा घेता त्याचा, आलेख शेजारी लावा. तिथेही तशीच उसळी असेल तर दोष तुमचा नाही. तिथे सपाट असेल, आणि तुमच्याकडे हलका मजकुरी फीड वेळेवर येऊन फक्त कॉन्ड्युइट रेंगाळत असेल, तर डेटाची विनंती पाच तुकड्यांत, म्हणजे पाच वेगळ्या जोडण्यांवर, विभागा. त्याने उशीर उतरला, तर अडचण एकेका जोडणीच्या वेगाची होती, एकूण बँडविड्थची नव्हे.

सरासरीवर मात्र विसंबू नका, कमाल आकडा बघा. तो ३,६०० सेकंदांना टेकला, की एलडीएमच्या (हा डेटा आणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यापलीकडचं जुनं मागितलंच जात नाही. आलेख छान खाली येतो, फाइली मात्र गेलेल्या असतात.