मार्गिट मरत नाहीये. मदत हवी आहे (लवकर)

निशाचर०७:
तीन रात्री झाल्या. ३४ वेळा मेलोय, मोजलंय. त्याचं रक्त अर्ध्याच्या आसपास आलं की तो हातोडा काढतो आणि खेळ खलास. रोल (लोळून वार चुकवणं) वेळेवर मारतो तरी लागतंच. व्हिडिओत लोक चहा पीत मारल्यासारखे मारतात, ते बघून डोकं अजून फिरतं. एखादी ट्रिक असेल तर सांगा. 'सराव करा' हे उत्तर नको. शुक्रवारी मित्र राहायला येतोय आणि तो कधीच पुढे गेलाय.

वांगीभात:
मार्गिट कोण? मला आधी वाटलं सोसायटीतलं काही प्रकरण आहे.

कोयनाकाठ:
@वांगीभात, 😄 एल्डन रिंग नावाचा गेम आहे. फ्रॉमसॉफ्टवेअर, २०२२. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारात हा शिंगवाला म्हातारा उभा असतो.
निशाचर, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. लेव्हल किती? हत्यार कोणतं, त्याला धार किती लावली? कीबोर्ड की कंट्रोलर?

निशाचर०७:
लेव्हल १६. सामुराई. तलवार सुरुवातीचीच. लॅपटॉप. बाकी सगळं नॉर्मल आहे हो, फक्त तो हातोडा कसा चुकवायचा ते सांगा.

रॅमभरोसे:
लॅपटॉपमध्ये रॅम किती आहे? या गेमला कमीत कमी १२ जीबी लागते. ८ वर चालवत असाल तर अडखळणारच. ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाचा स्क्रीनशॉट टाका.

निशाचर०७:
१६ जीबी. गेम अडखळत नाही, मी अडखळतोय.

ढालकरी:
ढाल घ्या, शंभर टक्के वार अडवणारी. ढालीवर वार झेलायचा आणि लगेच जड फटका द्यायचा. मी दुसऱ्या प्रयत्नात मारला. हे रोल-बिल सगळं व्हिडिओवाल्यांचं फॅड आहे.

एकटाजीव:
ढालीमागे लपून जिंकण्यात कसली मजा? त्याचे वार पाठ करा. आणि कृपया कोणी आता लांडगे बोलवायला सांगू नका, ती चीटिंग आहे.

सातारी_ताई:
मी सांगणारच होते. 😊 चर्च ऑफ एलेहमध्ये घोडा मिळाल्यावर परत गेलात का? तिथे भिंतीवर रेना बसलेली असते, ती घंटा देते आणि तीन लांडग्यांची राख देते, म्हणजे घंटा वाजवली की लांडगे मदतीला येतात. लांडगे त्याच्या पायात घोटाळत राहिले की तुम्हाला औषध प्यायला तरी उसंत मिळते. बनवणाऱ्यांनीच हातात दिलेली घंटा वाजवली तर चीटिंग कशी? मग घोडापण परत करा.

एकटाजीव:
ताई, ज्यांनी २०११ मध्ये डार्क सोल्स खेळलाय त्यांना विचारा. तेव्हा कुठे होते लांडगे?

सातारी_ताई:
तेव्हाही बॉसच्या (मार्गिटसारख्या मोठ्या शत्रूच्या) दाराबाहेर जमिनीवर खुणा असायच्या, मदतनीस बोलवायला. मीही खेळलाय तो.

निशाचर०७:
कुठलं चर्च? मी सोनेरी रेघ दाखवते तसा सरळ किल्ल्याकडे आलो.

कोयनाकाठ:
उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. 🙂 त्या रेघेने कथा कुठल्या दिशेला आहे ते कळतं, तुम्ही तयार आहात की नाही ते नाही.

पिंपळपार:
दोन गोष्टी मागच्या कोणी विचारल्या नाहीत.
एक, सामानाच्या पानावर वजनापुढे काय लिहिलंय? 'हेवी लोड' असेल तर तुमचा रोल म्हणजे गव्हाचं पोतं लोळल्यासारखा असणार. ७० टक्क्यांच्या आत आणा. हातात एकच तलवार असली तरी बाकीच्या खणांत लावलेली हत्यारंसुद्धा वजनात धरली जातात. नुसती पिशवीत असतील तर नाही.
दोन, या गेममध्ये रोल बटण दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होतो, कारण तेच बटण धरून ठेवलं की पळायचं असतं. घाबरून बटण आवळून धरलंत की उशीर झालाच.

निशाचर०७:
थांबा. हेवी लोड लिहिलंय. 😐 गेटफ्रंटच्या गाडीतली मोठी तलवार आणि तो साखळीचा गोळा दोन्ही लावून ठेवलेत, कधी लागतील म्हणून.

ढालकरी:
म्हणून म्हणत होतो ढाल घ्या.

पिंपळपार:
अहो, ढालीचंही वजन असतं.

जुनाखेळाडू_५८:
धागा वाचून जुने दिवस आठवले. आमच्या वेळी कॉम्प्युटर क्लासमध्ये डॉसवरचा प्रिन्स ऑफ पर्शिया होता. राजकन्येला सोडवायला घड्याळ लावून फक्त ६० मिनिटं. तिथेही सैनिकाशी लढताना घाई केली की मेलात. सर फेरी मारायला आले की स्क्रीनवर फॉक्सप्रो. तुमच्या या खेळात वेळेचं बंधन आहे का?

निशाचर०७:
नाही काका. शुक्रवार सोडून.

एकटाजीव:
मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. मार्गिट मुद्दाम हात वर नेऊन थांबतो. तुम्ही काठी उचललेली बघून रोल मारता, तो अजून वरच असतो, तुमचा रोल संपला की खाली आणतो. काठीकडे नाही, खांद्याकडे बघा. खांदा सुटला की मग. आणि मागे पळू नका, लांब गेलात की सोनेरी सुरे फेकतो. त्याच्या अंगावरून, डाव्या बाजूला लोळा. हातोडा दोनदा आपटला की एक फटका तुमचा. एकच! दुसऱ्याचा मोह केलात की ३५.

सातारी_ताई:
हे मात्र पटलं.

कोयनाकाठ:
ट्रिकच हवी तर मर्कवॉटर गुहेत पॅचेस नावाचा टकल्या आहे. त्याला अर्धा मारला की शरण येतो, मग दुकान मांडतो. ५००० रून्सना (गेममधले पैसे) 'मार्गिट्स शॅकल' नावाची बेडी देतो. लढाईच्या सुरुवातीच्या टप्प्यात वापरली की मार्गिट जमिनीला जखडतो, दोनदा.

निशाचर०७:
तो टकल्या शरण आला तेव्हा मी थांबलोच नाही. मारून टाकला. त्याच्याकडे घंटेसारखं काहीतरी मिळालं.

कोयनाकाठ:
😂 देवा. ती राउंडटेबल नावाच्या अड्ड्यावरच्या जुळ्या म्हाताऱ्यांना द्या, त्याचा माल तिथे मिळेल.

विदर्भी_बाण:
एवढं काय त्या मार्गिटचं! पुढे लेंडेलला गेलात की कळेल की हाच खरा तर

सातारी_ताई:
ओ! स्पॉयलर! हात आवरा.

विदर्भी_बाण:
सॉरी. अर्धंच लिहिलं.

पिंपळपार:
निशाचर, ट्रिक नको असेल तर मी काय केलं ते सांगतो. लांबण लागेल.
मीही तुमच्यासारखाच त्या पुलावर अडकलो होतो. वीसेक वेळा मेल्यावर चिडून उलट्या दिशेला निघालो. तलावाजवळच्या जळक्या अवशेषांत तळघर दिसलं, पेटी उघडली, धूर आला आणि डोळे उघडले ते कुठल्यातरी स्फटिकांच्या खाणीत. तिथले किडे एका फटक्यात मारत होते. बाहेर पडेपर्यंत नकाशावरून परतही जाता येईना. कसाबसा बाहेर आलो तर आभाळ लालभडक, जमीन कुजलेली. त्या रात्री मी पहिल्यांदा घाबरून लॅपटॉप मिटला. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात दिवसभर त्याच आभाळाचा विचार करत होतो.
मग दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात गेलो. तिथे तीन चर्च आहेत, तिन्हीत एकेक सेक्रेड टिअर, त्याने औषधाचा घोट मोठा होतो. खाणीतले दगड आणून तलवार +३ केली (तीनदा धार लावली), तेवढं चर्च ऑफ एलेहच्या ऐरणीवरच होतं. परत मार्गिटकडे आलो तेव्हा तो तोच होता, वारही तेच. मला फक्त त्याची घाई राहिली नव्हती. तिसऱ्यांदा पडला. खरं सांगू, जरा वाईटच वाटलं.
हा गेम अवघड आहे असं सगळे सांगतात. पण बाकीचे गेम नकाशावर शंभर खुणा टाकून कामावर पाठवतात. इथे लांबून एक पडकी भिंत दिसते, तिच्यामागे काय आहे ते कोणी सांगत नाही. जायचं तर जा.

रॅमभरोसे:
सुंदर लिहिलंय. ग्राफिक्स सेटिंग कोणतं होतं?

एकटाजीव:
पिंपळपार, +३ करून मारलात म्हणजे...

पिंपळपार:
हो, हो. चीटिंग.

निशाचर०७: (शुक्रवार)
अपडेट. दोन्ही जड हत्यारं काढली. रोल आता माणसासारखा होतो. घंटा आणली, लांडगेही आणले (एकटाजीव, माफ करा). मार्गिट अजून जिवंत आहे, काल फक्त दोनदा गेलो त्याच्याकडे. दुसऱ्यांदा एवढंसं रक्त उरलं होतं आणि मी दुसऱ्या फटक्याचा मोह केला.
मित्र आलाय. त्याला माझी लढाई दाखवायची होती, पण जाता जाता पूर्वेच्या धुक्याच्या जंगलात एक गोल इमारत दिसली, आत लिफ्ट. आम्ही दोघं त्या लिफ्टवर उभे आहोत. म्हणजे मी खेळतोय, तो बघतोय. ही खाली जातच आहे. एवढं खाली काय असतं? तो नुसता हसतोय, सांगत नाहीये.

सातारी_ताई:
कोणीही सांगू नका. विदर्भी_बाण, तुम्ही तर मुळीच नाही.

विदर्भी_बाण:
गप्प आहे.

निशाचर०७:
खाली चांदण्या कशा काय आहेत???

जुनाखेळाडू_५८:
हा खेळ ४ जीबी रॅमवर चालेल का?