ब्रिटिश साम्राज्य बुडालं कुठे: खतावणीत की छावणीत?

खतावणी

१९४७चा विषय निघाला की 'महायुद्धाने इंग्रज थकला' हे वाक्य येतंच. थकला म्हणजे नेमकं काय झालं, हे मात्र कुणी आकड्यांत मांडत नाही. माझं मत असं की भारत ब्रिटनचा देणेकरी होता तोवर राज्य परवडत होतं. १९३९ ते १९४५ या सहा वर्षांत येणं-देणं उलटलं आणि तिथेच निकाल लागला.

नोव्हेंबर १९३९च्या संरक्षण खर्च करारात भारताच्या माथी तीन बाबी आल्या: शांततेच्या काळातला नेहमीचा लष्करी खर्च (भाववाढ धरून), निव्वळ भारताच्या रक्षणासाठी केलेली तयारी, आणि परदेशी धाडलेल्या फौजेपोटी ठोक १ कोटी रुपये. बाकी सगळा खर्च लंडनच्या नावावर. पण लंडन रोख देत नव्हतं. बूट, कापड, दारूगोळा, सैनिकांचे पगार यांचे रुपये इकडे भारत सरकार चुकते करायचं, तिकडे लंडनला रिझर्व्ह बँकेच्या खात्यात तेवढं स्टर्लिंग (ब्रिटिश पौंड) जमा व्हायचं, आणि त्या स्टर्लिंग रोख्यांच्या आधारावर इथे नोटा छापल्या जायच्या. युद्ध संपेपर्यंत चलनातल्या नोटा सहा पटींच्या वर गेल्या. माल बाहेर गेला आणि बाजारात नुसता कागद राहिला. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात धान्य गरिबाच्या हाताबाहेर गेलं, त्यात या महागाईचा मोठा वाटा होता.

शेवटी भारताचं येणं सुमारे १३० कोटी पौंडांवर पोचलं. रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स या दराने १,७०० कोटी रुपयांच्या वर. एवढं देणं डोक्यावर असताना मालकी गाजवायची कशी?

तिसरी पलटण

खतावणी, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण निष्कर्ष पटत नाही. १४ ऑगस्ट १९४७चा करार काढून बघा. अविभाजित भारताचे ११६ कोटी पौंड शिल्लक होते. त्यातले साडेसहा कोटी 'खाते क्रमांक १'मध्ये खर्चायला मोकळे ठेवले, उरलेले 'खाते क्रमांक २'मध्ये गोठवले. देणेकऱ्यानेच सावकाराला महिन्याचा हातखर्च बांधून दिला! यात देणेकरी घाबरलेला कुठे दिसतो?

शिवाय १८१५ साली, नेपोलियनशी लढून झाल्यावर, ब्रिटनचं राष्ट्रीय कर्ज वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीच्या आसपास होतं. त्यानंतर साम्राज्य शंभर वर्षं वाढतच गेलं. म्हणजे कर्जाने साम्राज्य बुडत नाही.

ते उभं होतं भारतीय फौजेवर, आणि या फौजेचा पगार भारताच्या महसुलातून निघायचा. १८६७-६८ची ॲबिसिनियाची (आजचा इथिओपिया) मोहीम घ्या. फौज मुंबई इलाख्याची, सेनापती नेपियर, सोबत ४४ हत्ती. झुला बंदरापासून आत नेलेल्या लोहमार्गाचं सामानसुद्धा मुंबईहून गेलेलं, तेही वापरलेलं. नेहमीचा पगार भारताने द्यायचा, जादा खर्च तेवढा ब्रिटनने. त्या जादा खर्चासाठी पार्लमेंटने सुरुवातीला २० लाख पौंड मंजूर केले, अखेरचं बिल ८० लाखांच्या पुढे गेलं. याच मोहिमेच्या चर्चेत लॉर्ड क्रॅनबोर्न (पुढचे सॉल्सबरी) 'पूर्व समुद्रातली इंग्लंडची बराक' असं भारताबद्दल बोलले. हल्ली ते शब्द फुशारकी म्हणून उद्धृत होतात. खरं तर भारताकडे असं पाहू नये, हा त्यांचा आक्षेप होता. पण चीन, इजिप्त, मेसोपोटेमिया, सगळीकडे पुढे हीच बराक उपयोगी पडली.

१९४५ला ती हातची जायला लागली. लाल किल्ल्यातल्या आझाद हिंद सेनेच्या खटल्यात सहगल, धिल्लन आणि शाहनवाज खान यांना जन्मठेप झाली, आणि ३ जानेवारी १९४६ला सरसेनापती ऑकिनलेक यांनी स्वतःच ती माफ केली. शिक्षा अमलात आणली तर सैन्य काय करेल, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्याच सुमाराला जावात डचांची वसाहत सावरायला भारतीय डिव्हिजन पाठवल्या होत्या. सुराबायात ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले, इकडे काँग्रेसने आमचे जवान तिथे कशाला म्हणून धारेवर धरलं, आणि १९४६ संपायच्या आत त्या डिव्हिजन परत आणाव्या लागल्या.

भोचक

आणि नाविकांचं बंड? मुंबईत 'तलवार' या नौदल तळावर १८ फेब्रुवारी १९४६ला सुरू झालं, दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश पंतप्रधान ॲटलींनी कॅबिनेट मिशनची घोषणा केली. याहून सरळ पुरावा काय हवा?

तिसरी पलटण

भोचक, माझ्या बाजूचा मुद्दा असूनही तो मी वापरणार नाही. मिशन पाठवायचं जानेवारीतच ठरलं होतं, १९ तारखेला फक्त जाहीर झालं. बंडाचं महत्त्व वेगळं आहे. ७८ जहाजं आणि सुमारे २० हजार नाविक त्यात उतरले, आणि पुढच्या वेळी हुकूम पाळला जाईल याची खात्री कुणी देईना.

खतावणी

पलटण, १८१५चं कर्ज ब्रिटनने आपल्याच नागरिकांना देणं होतं, तेही पौंडात. व्याज लंडनमधूनच निघायचं आणि लंडनमध्येच खर्च व्हायचं. १९४५चं देणं परक्यांचं होतं, आणि गहू, तेल, यंत्रं यांना डॉलर लागत होते. दोन्हींना एकच 'कर्ज' म्हणून कसं चालेल?

ऑगस्ट १९४५ला अमेरिकेने लेंड-लीज (युद्धासाठी उसनवार माल देण्याची योजना) बंद केलं. डिसेंबरात ३७५ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं: व्याज २ टक्के, ५० वार्षिक हप्ते, आणि सोबत एक जीवघेणी अट, की पौंड डॉलरमध्ये बदलून देणं सुरू करा. १५ जुलै १९४७ला ते सुरू केलं. ज्याच्या हाती पौंड आला तो डॉलर मागायला धावला, आणि २० ऑगस्टला खिडकी बंद करावी लागली. या दोन तारखांच्या मध्ये १५ ऑगस्ट येतो, एवढंच लक्षात आणून देतो.

त्याच वर्षीचा फेब्रुवारी पाहा. ब्रिटनमध्ये कोळसा संपल्याने कारखान्यांची वीज तोडलेली. १८ला पॅलेस्टाइनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे सोपवल्याचं सांगितलं, २०ला भारत जून १९४८पर्यंत सोडण्याची घोषणा, २१ला ग्रीस आणि तुर्कस्तानचा भार आम्हाला झेपत नाही अशी चिठ्ठी वॉशिंग्टनला. पॅलेस्टाइन आणि ग्रीसमध्ये काही भारतीय पलटणींच्या निष्ठेचा प्रश्न नव्हता. चार दिवसांत तीन ठिकाणांहून हात काढावा लागतो तेव्हा कारण एकच असतं.

गटापर्चा

दोघेही १९४७ला पडदा पाडून मोकळे झालात. पैसा नाही म्हणून निघाले असते तर १९४८ला मलायात (आजच्या मलेशियाचा भाग) कम्युनिस्ट बंडखोरांशी बारा वर्षं चालणारी लढाई अंगावर का घेतली? कारण मलायाचं रबर आणि कथील अमेरिकेला विकलं जायचं. डॉलर लंडनच्या सामाईक साठ्यात आणि वसाहतीच्या नावावर पौंड, तेही मनासारखे न खर्चता येणारे. गोल्ड कोस्टच्या (आजचा घाना) कोकोचं तेच: सरकारी खरेदी मंडळ शेतकऱ्याला जागतिक भावापेक्षा कमी द्यायचं आणि वरची रक्कम लंडनच्या रोख्यांत पडून राहायची. म्हणजे कंगाल झालेलं साम्राज्य काही वर्षं जास्तच घट्ट आवळलं गेलं. जिथे डॉलर मिळत नव्हते ती ठिकाणं सोडली, मिळत होते ती धरून ठेवली.

आणि हावरेपणात डोकं किती फिरतं याचा नमुना म्हणजे टांगानिकाची (आजच्या टांझानियाचा भाग) भुईमूग योजना. ब्रिटनमध्ये खाद्यतेलाचा तुटवडा, म्हणून १९४७ला ३२ लाख एकरांहून जास्त जमिनीवर भुईमूग काढायचा बेत केला. ट्रॅक्टर कमी पडले म्हणून शर्मन रणगाडे बदलून वापरले. तिथल्या काँग्वा भागाची जमीन चिकणमातीची, त्यात क्वार्ट्झची कच. नांगराचे फाळ झिजून जायचे, बाओबाबची (गोरखचिंच) मुळं निघता निघत नव्हती, पाऊस बेभरवशाचा. आणि ऊन पडलं की माती अशी कडक व्हायची की शेंगा उपटताच येत नसत. आपल्याकडच्या कुठल्याही कोरडवाहू शेतकऱ्याने ढेकूळ हातात घेऊन नको म्हटलं असतं. १९५१च्या सुरुवातीला गाशा गुंडाळला, तोवर ३ कोटी ६० लाख पौंड बुडाले होते.

तिसरी पलटण

गटापर्चा, मलाया मान्य. पण तिथे लढलं कोण? भारतीय फौज गेल्यावर इंग्लंडच्या घराघरांतली १८-१९ वर्षांची पोरं सक्तीच्या भरतीने पाठवावी लागली. सक्ती आधी १८ महिन्यांची होती, १९५०पासून दोन वर्षांची. त्यांचा पगार ब्रिटिश करदाता देत होता. १९५७ला ही भरती बंद करायचं ठरलं, आणि पुढच्या दहा वर्षांत आफ्रिकेतले झेंडे पटापट उतरले.

खतावणी

आणि १९५६चं सुएझ, म्हणजे कालव्यासाठी ब्रिटन-फ्रान्सने इजिप्तवर केलेली स्वारी, कुठे गेलं? तिथे फौज हरली नव्हती. सायप्रसला खोल पाण्याचं बंदर नाही म्हणून ताफा माल्टाहून निघाला, पोर्ट सैदला पोचायला सहा दिवस लागले, पण उतरल्यावर कालव्याच्या काठाने ती पुढे सरकत होती. ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री तिला थांबवलं ते पौंडाने. फ्रान्सने ऑक्टोबरातच आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून उचल मंजूर करून घेतली होती. ब्रिटनचे अर्थमंत्री मॅकमिलन यांनी ती तजवीज केली नाही. मग अमेरिकेने नाणेनिधीचा रस्ता अडवला, तेलही देईना, आणि नोव्हेंबरअखेर ब्रिटनची गंगाजळी २०० कोटी डॉलरच्या खाली गेली. सैन्य परत न्यायचं कबूल केल्यावरच ५६ कोटी १० लाख डॉलर सुटले. त्या वर्षीचा अमेरिकी कर्जाचा हप्ताही पुढे ढकलावा लागला.

तिसरी पलटण

सहा दिवस का लागले, याचं उत्तर तुम्हीच दिलंत: जवळ तळ नाही, जवळ फौज नाही. १९१४ला भारतातून निघालेली फौज त्याच कालव्यावर पहारा देत होती. ती १९५६ला हाताशी असती आणि दोन दिवसांत कालवा ताब्यात आला असता, तर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर कुणाला थांबवणार होते?