मदत हवी आहे : १४ जणांचा कारखाना, गरोदर कर्मचारी आणि पगारातला फरक

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, मी आणि दादा मिळून चालवतो. सगळी धरून १४ माणसं, त्यांत ४ बायका.

अकाउंट्सला एक ताई तीन वर्षं आहेत, पगार १७,०००. गेल्या वर्षी त्याच कामाला एक मुलगा घेतला, त्याला १९,५००. जीएसटीचं पोर्टल त्याला ताईंनीच शिकवलं. फरक का, तर दादाचं म्हणणं, "त्याला घर चालवायचं असतं." तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

परवा ताई डॉक्टरांचा कागद घेऊन केबिनमध्ये आल्या. चौथा महिना. कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "साहेब, माझी जागा राहील ना?" मी हो म्हणून बसलो. संध्याकाळी दादा म्हणतो, सहा महिने घरी बसवून पगार कुठून द्यायचा, आत्ताच हिशेब करून मोकळं करू. दोघांचाही ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नियमित भरतो. वकील गाठायच्या आधी जाणकारांनी सांगावं, आम्ही कुठे कुठे अडकतोय?

प्रतिसाद

ईएसआय भरताय ना, मग रजेचा पगार तुमच्या खिशातून जातच नाही! त्यासाठी पगाराची मर्यादा महिना २१,००० ची, ताई तिच्या आत आहेत. ७० दिवसांचे हप्ते भरलेले असतील तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांचे पैसे ईएसआय महामंडळ देतं. दादांना आधी हे सांगा, निम्मा वाद तिथेच मिटेल. प्रसूतिरजेवर असताना काढणं बेकायदेशीर आहे. आणि गरोदर आहे म्हणून आत्ताच हिशेब केलात, तर नंतर कारण काय सांगणार?

खरी गोची पगाराची आहे. १९७६ चा समान वेतन कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत गेला, पण तत्त्व तेच : सारखं काम, सारखा पगार. अनुभव किंवा जबाबदारी जास्त असेल तर फरक चालतो, पण तुमच्याकडे अनुभव ताईंचाच जास्त. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्टेनो बायकांना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. ऑड्री डिकोस्टा कोर्टात गेल्या. कंपनीने ऐपत नसल्याचं कारण पुढे केलं, १९८७ साली सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही.

जाता जाता : १० किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष बाई, निम्म्या तरी बायका, एक सदस्य बाहेरची. नसेल तर ५०,००० पर्यंत दंड. आहे का तुमच्याकडे?

धागाकर्ता

समिती नाही. नोटीस बोर्डावर फक्त सुट्ट्यांची यादी आहे. दादाला रात्री सगळं वाचून दाखवलं. ईएसआयचं ऐकून गप्प झाला, मग विचारतो, मुलाचाच पगार १७,००० वर आणला तर?

प्रतिसाद

हा हा, ही पळवाट कायदा करणाऱ्यांनाही सुचली होती. बरोबरी करायला कुणाचाही पगार कमी करता येत नाही. ताईंचा वाढवा.

धागाकर्ता

एक तारखेपासून वाढवतो. मागच्या वर्षाच्या फरकाचं वकिलांना विचारतो. समितीवर बाहेरची सदस्य म्हणून कोल्हापुरात कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.